परीक्षा आणि मनातले नकोसे विचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक विद्यार्थ्यांचे आहेत, काही पालकांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगावी लागली असती तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उद्याच पेपर असेल तर आधी प्रश्न ७ ते १० वाचा, बाकीचे नंतर.

१. परीक्षा जवळ आली की मनात वाईटच विचार का येतात? माझ्यातच काही कमी आहे का?

कमी काही नाही. धोका दिसला की सगळं लक्ष तिकडे वळवणं हे मेंदूचं जुनं काम आहे, आणि निकालाची भीती हा त्याच्या लेखी धोकाच. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. त्याच वेळी मन काय काय बिघडू शकतं त्याची यादी करायला बसतं.

लिबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे मांडले. एक शरीराची धडधड, दुसरा मनातली काळजी: ‘मला जमणार नाही’, ‘बाकीचे पुढे गेले’. पुढच्या अनेक अभ्यासांत असं दिसलं की गुणांना फटका बसतो तो मुख्यतः काळजीमुळे. गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या तेवढ्यापुरत्या डोक्यात धराव्या लागतात. ज्या स्मृतीत आपण त्या धरतो, तिची जागा फार थोडी असते आणि ‘नापास झालो तर?’ हे वाक्यही तिथेच ठाण मांडून बसतं. म्हणून धडधड पूर्ण थांबवण्याच्या मागे लागू नका. धडधडत्या छातीने उत्तम पेपर लिहिता येतो. लक्ष पेपरवर हवं, एवढंच.

२. थोडं टेन्शन चांगलं असतं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी. अजिबात काळजी नसेल तर पुस्तक उघडलंच जात नाही. याला आधार म्हणून १९०८ च्या येर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. तो प्रयोग उंदरांवर होता, विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन केलेला. त्यावरून माणसाच्या परीक्षेबद्दल छातीठोकपणे बोलणं जरा जास्तच होतं. पण त्यातला एक मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे: काम जितकं अवघड, तितका ताण कमी असलेला बरा. पाठ केलेली व्याख्या घाबरलेल्या अवस्थेतही लिहून होते. नवीन धाटणीचं गणित मात्र अडतं.

३. सगळे सांगतात, “नकारात्मक विचार करूच नकोस.” मला ते का जमत नाही?

कारण ते कोणालाच जमत नाही. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं. आलाच, तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. पुढची गंमत अशी की नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांना सुरुवातीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. विचार आला का, हे तपासायचं म्हटलं तरी तो विचार जागा ठेवावाच लागतो.

तेव्हा ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी कामाचा नाही. तो पाळता आला नाही म्हणून स्वतःवर चिडू नका. नाहीतर एका काळजीच्या दोन होतात.

४. मग असा विचार आला की नेमकं करायचं काय?

जागा पाहायची. घरी असाल तर विचाराशी वाद घाला. परीक्षेच्या हॉलमध्ये असाल तर वाद अजिबात नको, तिथे फक्त पेपरकडे परत यायचं. बहुतेकांचं नेमकं उलट चालतं: घरी विचार टाळायचे आणि हॉलमध्ये त्यांच्याशी भांडत बसायचं. हॉलमधलं प्रश्न ८ आणि ९ मध्ये आहे. इथे घरचं.

अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला, तिचा गाभा साधा आहे. मनात आपोआप येणारं वाक्य म्हणजे सत्य नव्हे, तो एक दावा आहे आणि दावा तपासता येतो. पण तपासायचा तर तो आधी कागदावर हवा. डोक्यात तो धुरकट असतो आणि धुरकट असतो तोवर मोठा दिसतो. शब्द जसेच्या तसे लिहा. ‘मला टेन्शन आलंय’ असं नको. ‘भौतिकशास्त्रात मी नक्की नापास होणार’ असं लिहा.

मग त्या वाक्यात कुठली खोड आहे ते बघा. ‘नक्की होणार’ असेल तर ते भविष्य आहे, आणि ते सांगणारा या घडीला घाबरलेला आहे. ‘मी ढ आहे’ असेल तर एका विषयावरून अख्ख्या माणसावर शिक्का मारला आहे. ‘सगळे हसतील’ यात तर दुसऱ्यांच्या मनातलं आपल्याला कळतं असं गृहीत धरलंय. त्याखाली दोन्ही बाजूंचा पुरावा लिहा: मागच्या चाचणीत किती मिळाले, कुठले धडे येतात, कुठले खरंच येत नाहीत. शेवटी नवं वाक्य तयार करा. ते गोड असायची गरज नाही, खरं असायला हवं. ‘मी पहिला येणार’ यावर तुमचं मन विश्वास ठेवणार नाही. ‘प्रकाश आणि उष्णता येतं, विद्युत कच्चं आहे, त्याला तीन दिवस देता येतील’ यावर ठेवेल.

हे एकदा करून भागत नाही. तीच ती वाक्यं फिरून येतात, फक्त दर वेळी ती ओळखायला कमी वेळ लागतो.

५. पण माझा विचार खराच आहे. अभ्यास झालेलाच नाही. आता काय तपासायचं?

मग तपासू नका, त्याची दखल घ्या. हा प्रश्न विचारणाऱ्यांना ‘सगळं छान होईल’ म्हणणं ही फसवणूक आहे. इथे काळजी खरी बातमी देते आहे आणि तिचं उत्तर वेळापत्रक हेच.

उरलेले तास मोजा. ज्या धड्यांवर हमखास प्रश्न येतात ते वर घ्या. काय सोडायचं तेही आत्ताच ठरवून टाका. सोडलेला धडा ठरवून सोडला असेल तर रात्री छळत नाही. आणि नुसतं वाचत बसू नका. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना बरंच जास्त आठवत होतं. पुन्हा वाचल्याने ‘येतंय’ असं वाटतं आणि तिथेच घात होतो. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग चुका बघा. शक्य असेल तर घड्याळ लावून जुने पेपर सोडवा. वेळ चालू असताना येणारी घाबरगुंडी घरीच ओळखीची झाली तर हॉलमध्ये ती नवखी राहत नाही.

६. दिवसा ठीक असतं. अंथरुणावर पडलं की सगळे विचार एकदम सुरू होतात.

दिवसभर त्यांना वेळ मिळालेला नसतो, म्हणून. त्यांना वेळ द्या, पण तुमच्या सोयीने. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं ‘काळजीची वेळ’ ठरवा, खुर्चीत बसून, वही घेऊन, अंथरुणात नाही. इतर वेळी विचार आला की एक शब्द टिपून ठेवा आणि त्याला त्या वेळेवर ढकला. ‘विचार करू नको’ हे जमत नाही (प्रश्न ३), पण ‘आत्ता नको, सहा वाजता’ हे पुष्कळांना जमतं.

झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा, शक्य तितकी बारीक. काय काय झालं ते लिहीत बसू नका. काय करायचं आहे ते कागदावर गेलं की डोकं त्याची राखण सोडतं. संध्याकाळनंतर कॉफी आणि कडक चहा बंद. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. शिवाय कॅफिनची धडधड आणि भीतीची धडधड यांतला फरक मनाला कळत नाही.

आणि आदल्या रात्री झोप लागलीच नाही तर? डोळे मिटून पडून राहा. एका रात्रीने वर्षाचा अभ्यास पुसला जात नाही. सलग आठवडाभर जागरण केलंत तर मात्र अंगाशी येईल.

७. पेपर सुरू होण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं कशी काढावीत?

हॉलबाहेर घोळका करून ‘हे आलं तर? ते केलंस का?’ विचारणाऱ्यांपासून लांब उभं राहा. शिष्टपणा वाटला तर वाटू दे. त्या पाच मिनिटांत नवीन काही शिकता येत नाही, पण धाबं मात्र दणाणतं.

मनातली भीती कागदावर लिहून काढण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. रमिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तसे निष्कर्ष मांडले होते: परीक्षेआधी दहा मिनिटं भीतीबद्दल लिहिलं की घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. हे सांगणारे पुढची गोष्ट सहसा सांगत नाहीत. २०१८ मध्ये मोठ्या नियतकालिकांतले काही प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा रमिरेझ आणि बायलॉक यांचा प्रयोग तसा निकाल देऊ शकला नाही. म्हणजे उपाय फसवा आहे असं नव्हे, पण त्याची हमीही नाही. सराव परीक्षेआधी करून बघा. हलकं वाटलं तर ठेवा, उलट भीती उकरली गेली तर सोडून द्या. मुख्य पेपरच्या दिवशी पहिल्यांदा कुठलाच प्रयोग नको.

आणखी एक सोपी गोष्ट. अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की अवघड कामाआधी ‘मी शांत आहे’ म्हणण्यापेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. धडधड दोन्हीकडे सारखीच असते. तिला शांत करण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं.

८. पेपर हातात आला की डोकं एकदम ब्लँक होतं. तेव्हा काय करू?

पाठ केलेलं पुसलं गेलेलं नसतं, त्याच्यापर्यंत पोचता येत नसतं. याचा पुरावा म्हणजे हॉलबाहेर पडल्यावर सगळं आठवतं, अगदी जीव जळेपर्यंत. तेव्हा ओढून काढायला जाऊ नका, बाजूने या.

पेन खाली ठेवा. पाय जमिनीवर टेकलेत का बघा, खांदे सैल सोडा. तीन-चार वेळा सावकाश श्वास सोडा (कसा, ते प्रश्न १० मध्ये). मग प्रश्नपत्रिका वरपासून खालपर्यंत चाळा आणि सगळ्यांत सोपा, अगदी एका गुणाचा का होईना, प्रश्न शोधून तो लिहा. हात चालू झाला की डोकं मागून येतं. अडलेल्या प्रश्नाबद्दल आठवेल ते तुकडे कच्च्या कामाच्या जागेत टाका: एखादं सूत्र, आकृतीचा आकार, सर शिकवताना काय म्हणाले ते, वहीच्या कुठल्या बाजूला लिहिलं होतं ते. एक आठवण दुसरीला ओढून आणते.

यात दोन-तीन मिनिटं जातील. ती वाया गेली असं मोजू नका. घाबरून चुकीच्या प्रश्नावर घालवलेली वीस मिनिटं जास्त महाग पडतात.

९. पेपर लिहिता लिहिता मध्येच ‘आता संपलं सगळं’ असा विचार येतो आणि मी तिथेच अडकते.

त्याला उत्तर देऊ नका. ‘नाही, संपलं नाही, अजून चाळीस गुण बाकी आहेत, मागच्या वेळीही असंच…’ हा युक्तिवाद कितीही बरोबर असला तरी तो स्मृतीच्या त्याच थोड्या जागेत (प्रश्न १) होतो जिथे तुम्हाला प्रश्न सोडवायचा आहे. वाद जिंकूनही तुमची पाच मिनिटं गेलेलीच असतात.

कच्च्या कामाच्या जागेत एक छोटी रेघ ओढा: ‘आला’. मग प्रश्नातला पुढचा शब्द बोटाने धरून वाचा. पुन्हा आला, पुन्हा रेघ. एका पेपरात अशा वीस रेघा झाल्या तरी काही बिघडत नाही. प्रत्येक रेघ म्हणजे एकदा परत येणं. काही खरडायची परवानगी नसेल तर अंगठा तर्जनीला टेकवा. ही सवयही आधी जुन्या पेपरांवर लावायला हवी, ऐनवेळी सुचत नाही.

१०. श्वासाचे व्यायाम केले की मला उलट जास्त गुदमरतं. माझं काय चुकतं?

बहुधा तुम्ही मोठमोठे श्वास भराभर घेता. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि मन म्हणतं, ‘बघ, काहीतरी भयंकर होतंय.’ जोर घेण्यावर नको, सोडण्यावर द्या. नाकाने नेहमीएवढाच श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजत. सोडताना सहापर्यंत मोजा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं.

तरीही श्वासाकडे लक्ष दिलं की त्रास होत असेल तर श्वासाचा नाद सोडा. समोरच्या भिंतीवरच्या पाच वस्तू मनात मोजा, बाकाचा गार कडा हाताने चाचपा. लक्ष शरीराच्या आतून बाहेर आलं तरी पुरतं.

११. पहिलं लिहिलेलं उत्तर बदलू नये म्हणतात. मला शंका आली तर?

हा समज खोटा आहे. क्रुगर, विर्ट्झ आणि मिलर यांनी २००५ मध्ये दीड हजारांहून जास्त उत्तरपत्रिकांवरच्या खोडाखोडीच्या खुणा तपासल्या. निम्म्याहून थोडे जास्त बदल चुकीकडून बरोबरकडे झाले होते. बरोबर उत्तर बदलून चूक झाल्याचं प्रमाण सुमारे चौथाई होतं. बरोबर असलेलं बदलल्याची चुटपुट जास्त लागते, म्हणून तेच लक्षात राहतं.

मात्र बदलायला कारण हवं. प्रश्नातला ‘नाही’ वाचायचा राहिला होता, आकडेमोड चुकली होती, दुसऱ्या प्रश्नातून काही आठवलं, तर खुशाल बदला. ‘उगाच वाटतंय’ एवढंच असेल तर ती भीती आहे. रेघ ओढा आणि पुढे चला (प्रश्न ९).

१२. पेपर झाल्यावर उत्तरं जुळवावीत का?

पुढचा पेपर बाकी असेल तर नाही. शेवटचा पेपर झाल्यावर हवी तेवढी जुळवा.

१३. मी मुद्दाम वाईटच गृहीत धरतो. त्याने माझा अभ्यास होतो. हेही बंद करायचं का?

नाही. हा खरा अपवाद आहे. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये अशा विद्यार्थ्यांचा अभ्यास केला: आधीचे गुण चांगले, तरी दर वेळी अपेक्षा खालचीच, आणि काय बिघडेल याचा बारीक विचार करून ते तयारी करतात. त्यांना ‘तू नक्की छान करशील’ असा धीर दिला तर त्यांची कामगिरी उलट घसरते. त्यांची काळजी हेच त्यांचं अवजार असतं.

ओळखायची खूण एकच. विचाराच्या शेवटी तुम्ही काही करता का? ‘आकृती विसरलो तर?’ यानंतर आकृती काढून पाहिलीत, तर चालू द्या. त्यानंतर दोन तास छताकडे बघत पडलात, तर प्रश्न ४ कडे जा.

१४. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात. मी नापास व्हायचा विचार केला तर तसंच घडेल का?

विचारात तशी ताकद नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तुमच्या मनातलं दिसत नाही. म्हणीचा रोख आपण स्वतःला किती छळतो यावर आहे, शकुनावर नाही.

ठरावीक पेन, ठरावीक शर्ट याला हरकत नाही. पण पेन घरी राहिलं म्हणून लिहिताच येत नसेल, ‘काहीतरी वाईट होईल’ म्हणून एकच ओळ दहादा खोडून लिहावी लागत असेल, किंवा विचार ‘रद्द’ करायला मनात काही म्हणावंच लागत असेल आणि त्यात तासन्‌तास जात असतील, तर ही परीक्षेची साधी भीती नाही. ते मंत्रचळेपणाचं, म्हणजे ओसीडी या आजाराचं, लक्षण असू शकतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

१५. टेन्शनची गोळी घेतली तर चालेल? मैत्रिणीला तिने फरक पडला.

मैत्रिणीची गोळी, कुठलीही असो, घ्यायची नाही. धडधड आणि थरथर कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी दमा असलेल्याचा श्वास अडकू शकतो. मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते आणि नवीन गोष्टी लक्षात राहणं बिघडतं, म्हणजे परीक्षेत नेमकं नको ते. डॉक्टरांनी तुम्हाला तपासून दिली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पहिला डोस पेपरच्या सकाळी घेऊ नका आणि चालू असलेलं औषध परीक्षा आली म्हणून मनाने थांबवू नका.

१६. हे नेहमीचं टेन्शन नाही, मदत घ्यायला हवी, हे कसं ओळखायचं?

भीतीमुळे पेपरलाच जाणं टळत असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलं असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, किंवा एकाएकी छाती धडधडून, श्वास अडकून ‘आता मी मरतोय’ असं वाटण्याचे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर समुपदेशक किंवा डॉक्टर यांच्याशी बोला. असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि ओसरतो. पहिल्यांदा आला असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या, म्हणजे दुसरं काही नाही याची खात्री होते.

‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी नसतो तर बरं’ असे विचार येत असतील तर या पानावरचं काही करत बसू नका. आत्ता, याच घटकेला, घरातल्या किंवा शाळा-कॉलेजातल्या एका मोठ्या माणसाला तोंडाने सांगा. मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. धोका जवळचा वाटत असेल तर इस्पितळात जा आणि तोवर एकटे राहू नका. सांगितल्याने कोणी वेडं ठरवत नाही. आणि मित्राने असं तुम्हाला सांगितलं, ‘कोणाला बोलू नकोस’ म्हणून शपथ घातली, तर ती शपथ मोडा.

१७. आम्ही पालक आहोत. मुलगी रडत म्हणते, “मला काही येत नाही.” काय बोलावं?

पहिली दोन मिनिटं काहीच नाही. ‘असं कसं, तुला सगळं येतं’ म्हणालात तर ती तुम्हाला आपल्याला काय येत नाही ते पटवायला लागेल. ‘सांगितलं होतं, आधीपासून कर’ हे खरं असलं तरी आज उपयोगाचं नाही. ऐकून घ्या, मग विचारा, “कुठला धडा सगळ्यांत जास्त छळतोय?” ‘काही येत नाही’ पासून ‘त्रिकोणमिती येत नाही’ पर्यंत ती आली की निम्मं काम झालं, पुढचं प्रश्न ५ मध्ये आहे. ती प्रश्न १३ मधल्यांपैकी असेल तर धीर देण्याचा आग्रहही धरू नका.

पेपरच्या सकाळी सूचना कमी, नाश्ता वेळेवर, आणि शेजारच्या मुलाचा विषय नाही. परत आल्यावर पहिला प्रश्न “कसा गेला?” हा नसला तर उत्तम. “भूक लागली का?” चालेल.